विहिरीत शिकलेलं पोहणं

अट बायकोनं घातली आणि मी ती कबूल केली. झल्लाकच्या किनाऱ्यासमोर एका रिसॉर्टनं नारिंगी रंगाचा तरंगता बोया टाकलेला आहे. जेट-स्कीवाल्यांनी त्याच्या अलीकडे येऊ नये म्हणून तो तळाशी साखळीनं बांधून ठेवतात. किनाऱ्यापासून तो माझ्या अंदाजानं चारशे मीटर असावा, थोडं इकडेतिकडे. मी एकदा, तिच्या डोळ्यांदेखत, त्या बोयाला हात लावून परत यायचं. जमलं तर माझ्या पोहण्याबद्दल ती पुन्हा शब्द काढणार नाही. नाही जमलं तर समुद्र बंद, आणि कायमचा बंद. नंतर 'आता सराव झालाय' असं म्हणून मी विषय उकरून काढायचा नाही, कुरकुर करायची नाही.

"लिहून देऊ का?" मी विचारलं.

"नको. तुमचं लिहिणं वाचायला मला वेळ नाही. बोललात की झालं."

यात माझं काय पणाला लागलं होतं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी बावन्न वर्षांचा आहे. अस्करच्या बाजूला एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये नोकरी करतो. बहरीनमध्ये येऊन वीस वर्षं होत आली. या बेटावर गाडी कुठल्याही दिशेला हाकली तरी अर्ध्या-पाऊण तासात समुद्र आडवा येतो. मी तो गाडीच्या काचेतून पाहत आलो. गावाकडून कुणी आलं की त्यांना दाखवायला न्यायचं, फोटो काढायचे, परत यायचं. समुद्र माझा नव्हता. मी सातारा जिल्ह्यातला, आणि माझं पाणी म्हणजे मामाची विहीर.

मामानं पाठीला वाळलेला भोपळा बांधून मला विहिरीत ढकललं आणि स्वतः काठावर तंबाखू मळत बसला. पहिल्या सुट्टीत भोपळा, दुसऱ्या सुट्टीत भोपळ्याशिवाय. त्यानंतर सकाळी उतरायचं ते पोटात कावळे ओरडायला लागले की बाहेर यायचं. डोळे लाल, बोटं सुरकुतलेली, कानात पाणी. मुटका मारण्यात माझी ख्याती होती. गुडघे पोटाशी धरून पडलो की पाणी वरच्या दगडी थारोळ्यापर्यंत उडायचं आणि तिथं कपडे धुणाऱ्या मामीच्या शिव्या खाली ऐकू यायच्या.

विहिरीतलं पोहणं वेगळं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण दुसरं पोहणं पाहिलेलंच नव्हतं. विहिरीत सरळ जायला जागा नसते. भिंत उजव्या हाताला ठेवायची आणि डावीकडे वळत राहायचं, गोल गोल. डोकं कायम पाण्याच्या वर, कारण वरून कोण उडी टाकतोय ते बघावं लागतं. दमलं की भिंतीतून बाहेर आलेला एखादा दगड धरायचा. आणि पाय खाली सोडायचे नाहीत. मोठी माणसं विहिरीची खोली पुरुषांत सांगायची. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. मामाच्या विहिरीत चार पुरुष पाणी, कुणी म्हणे पाच. तळाला पाय लागलेला माणूस परत वर येत नाही, असं आम्हा पोरांचं ठाम मत होतं.

दहावीला पोहणं सुटलं. कुणी मनाई केली नाही, कुठला अपघात झाला नाही. क्लास लागले, मग पुण्याला कॉमर्स, मग नोकरी, लग्न, हा देश. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर सुट्टीची वाट बघायचो ती पस्तीस-छत्तीस वर्षं केली नाही, आणि केली नाही याची आठवणही झाली नाही. आता लिहितानाही हे मला खरं वाटत नाही.

पुन्हा सुरुवात झाली ती मुलीमुळं. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पूल आहे. मुलगी शाळेत पोहायला शिकत होती, तिला सराव करायचा होता, आणि एकटीनं वर जायला बायकोची परवानगी नव्हती. म्हणून मी खुर्ची टाकून राखण बसायचो. एका शनिवारी उकाडा इतका असह्य झाला की मी हाफ पँटवर तसाच उतरलो.

हातापायांना सगळं ठाऊक होतं. मी भिंत उजव्या हाताला घेतली आणि फिरायला लागलो.

"बाबा, व्हाय आर यू गोइंग इन सर्कल्स?" मुलगी ओरडली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते.

"पोहतोय."

"पीपल स्विम लेंग्थ्स, बाबा!"

बिल्डिंगमधले बाकीचे लोक या टोकाकडून त्या टोकाकडे सरळ पोहत, आणि मी त्यांना वळणावर आडवा जाई. दोनदा टक्कर झाली. शेवटी वॉचमननं मला लिफ्टपाशी गाठलं. "साब, पूल में जरा सीधा चलाइए ना. सब लोग कंप्लेंट कर रहे हैं." मी गाडीच चालवत होतो जणू. मग मी कुणी नसेल अशा वेळी, पहाटे जायला लागलो.

मी दिवसभर आकडे बघतो आणि घरी आल्यावरही ते माझी पाठ सोडत नाहीत. जिना चढताना पायऱ्या मोजतो, सिग्नलला पुढच्या गाडीच्या नंबरची बेरीज करतो. त्या गोल पोहण्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. फेरी कुठं सुरू झाली आणि कुठं संपली तेच कळायचं नाही. बाहेर आलो की वाजले किती याचाही काही काळ पत्ता नसायचा. महिनाअखेरीचं क्लोजिंग आलं आणि गेलं, तरी मी घरात कुणावर खेकसलो नाही; हे मला नंतर बायकोनं सांगितलं. मुलगी म्हणाली, "ही इज हमिंग, ममा. इट्स वीअर्ड." मी आनंदात होतो. स्वतःबद्दल हा शब्द मी सहसा वापरत नाही, पण तपासून पाहिला तरी दुसरा सापडला नाही.

गच्चीवर होतं तोवर बायकोची हरकत नव्हती. समुद्रात मला नेलं ते मित्रानं.

हा मित्र रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा कोकणी मुसलमान. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत त्याचं कापडाचं दुकान आहे. बायकोला तो वहिनी म्हणतो, मला काहीही म्हणतो, आणि घाटावरच्या माणसांना पाण्यातलं काही कळत नाही हे त्याचं जुनं मत आहे.

"त्या टाकीत काय फिरतोस रे घाण्याला जुंपल्यासारखा?" तो म्हणाला. "शुक्रवारी झल्लाकला ये. पाणी म्हणजे काय ते बघ तरी एकदा."

गेलो. तिथं एक लाकडी धक्का पाण्यात बराच आतपर्यंत गेलेला आहे. मित्र किनाऱ्यावरून चालत चालत पाण्यात शिरायचा आणि बोयापर्यंत जाऊन यायचा. मी धक्क्याच्या टोकावर जायचो आणि मुटका टाकायचो. त्यासाठी खाली भरपूर पाणी हवं, म्हणून फोनवर भरतीची वेळ बघूनच घरून निघायचो. यात कधी चूक केली नाही. त्यामुळं झालं असं की ओहोटीचा झल्लाक मी एकदाही पाहिला नाही.

उडी टाकली की मी धक्क्याच्या खांबांभोवती फेऱ्या मारायचो आणि शिडीनं वर यायचो. "घ्या! इथंपण विहीर केलीन," मित्र म्हणाला. मला त्याचं काही वाटलं नाही. खारं पाणी माणसाला उचलून धरतं, विहिरीच्या निम्म्या श्रमात काम होतं. खाली हिरवं पाणी दिसायचं. माझ्या हिशेबी ते काही पुरुष खोल होतं.

लपवाछपवी मला जमत नाही. पहिल्याच शुक्रवारी घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात गुरुवारची संध्याकाळ जड व्हायला लागली. बायको काही बोलायची नाही, फक्त भांडी जरा जोरात ठेवायची. चौथ्या की पाचव्या गुरुवारी बोलली.

"आपल्या तिघांची रेसिडेन्सी तुमच्या एका नोकरीवर आहे. उद्या तुम्हाला काही झालं तर मला इथं रडायलासुद्धा सवड मिळायची नाही. सामान बांधावं लागेल. पोरीची शाळा मधेच सोडावी लागेल. एवढा हिशेब करता दिवसभर, हा केलाय का कधी?"

केला नव्हता. तिचा हिशेब बरोबर होता, मी उलटसुलट तपासला. माझ्या बाजूला मांडायला फक्त एवढंच होतं की मला बरं वाटतं.

"मग सोडू?" मी विचारलं.

तिनं हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. "सोडलंत तर तोंड पाडून बसाल. ते मला बघवायचं नाही. आणि नाही सोडलंत तर शुक्रवारी मला घास उतरत नाही."

मग तिनं ती बोयाची अट काढली.

पुढचे काही आठवडे मी बोयाचा अभ्यास केला. अंतर, वारा, भरती, पाण्यात लागणारा वेळ. भरती पूर्ण व्हायच्या आधी अर्धा तास निघायचं, म्हणजे जाताना पाणी जवळजवळ थांबलेलं मिळेल. वारा दुपारनंतर वाढणार असं फोन सांगत होता. शुक्रवार ठरला. मुलीची सोमवारी परीक्षा होती, ती घरी राहिली.

आम्ही वेळेच्या आधी पोचलो. माझ्या पुढं मित्रानं पोहायचं असं ठरलं होतं, पण तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, दुकानात माल उतरतोय, इंशाल्ला दहा मिनिटांत निघतो. त्याची दहा मिनिटं मला माहीत आहेत. तो आला तेव्हा भरती होऊन गेली होती आणि धक्क्याच्या खांबांवर ओलसर काळी रेघ पाण्याच्या चांगली वर दिसायला लागली होती.

"आज नको," मी म्हणालो. "पुढच्या शुक्रवारी करू."

"आजच," बायको म्हणाली. तिचा चेहरा ओढलेला होता. "काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पुन्हा आठ दिवस हेच करू का मी?"

"अरे, ओहोटीनं काय होतंय? पोहायचंय ना, गलबत थोडंच न्यायचंय?" मित्रानं शर्ट काढला. "यल्ला. वहिनी, काळजी करू नका. मी पुढं आहे त्याच्या."

या वेळी मी उडी टाकली नाही. शिडीनं उतरलो.

पहिले शंभर-दीडशे मीटर सगळं ठरल्याप्रमाणं झालं. मित्राची काळी टोपी पुढं दिसत होती, तिच्यापुढं बोया दिसत होता, पाठीवर सकाळचं ऊन होतं. श्वास पुरत होता. मी मागं वळून पाहिलं तेव्हा बायको धक्क्यावरून उतरून वाळूत उभी होती, हात डोळ्यांवर आडवा धरून.

मग वारा आला. इथं उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला शमाल म्हणतात आणि तो एकटा येत नाही, धूळ घेऊन येतो. लाटा मोठ्या नव्हत्या. आखूड होत्या, एकीच्या पाठीवर एक, आणि उजवीकडून थेट तोंडावर. डोकं वर ठेवून पोहणाऱ्याला अशा लाटा वाईट. दर दोन-तीन हातांनी तोंडात खारं पाणी जायचं. मी तोंड डावीकडे फिरवून घेतलं. डोळे पुसून पुन्हा समोर पाहिलं तर टोपी दिसेना. थोड्या वेळानं बोयाही दिसेना. हवा दुधाळ पिवळी झाली होती.

मी लगेच घाबरलो नाही. मनात म्हणालो, दिशा माहीत आहे, सरळ जात राहायचं, बोया येईल. पण सरळ जाणं माझ्या अंगात नव्हतंच. समोर काही दिसत होतं तोवर डोळे मला ओढून नेत होते. ते दिसेनासं झाल्यावर हातांनी आपला जुना रस्ता धरला. उजवा हात लांब जाई, डावा आखूड पडे, आणि वाराही त्याच बाजूला ढकलत होता. मी मोठं वर्तुळ काढत होतो आणि मला ते कळत नव्हतं.

कळायला हवं होतं. निघताना ऊन पाठीवर होतं. काही वेळानं उजेड डाव्या गालावर जास्त जाणवायला लागला, नंतर समोरून. हे माझ्या लक्षात आलं. पण धुळीत उजेड पसरत असेल असं म्हणून मी ते सोडून दिलं. एकमेकांशी न जुळणारे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पुढं जाणं हे मी ऑफिसात कुणाला करू देत नाही.

समोर एक पिवळट पट्टा दिसत होता. तो मी धुळीचा समजलो.

दंड भरून आले. मग पोटरीत गोळा आला. विहिरीत अशा वेळी दगड धरायचा असतो, आणि खरंच सांगतो, माझा उजवा हात दर वेळी थोडा बाहेर जाऊन दगड शोधत होता. मी उताणा झालो. आम्ही पोरं त्याला मुडदा म्हणायचो. हातपाय सोडून निश्चल पडायचं की पाणी सांभाळतं. पाण्यानं सांभाळलं, लाटांनी नाही. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, पुन्हा पालथा झालो. पाय मात्र वरच ठेवले, पोटाशी ओढून ओढून मारत राहिलो. पाय खाली गेले की माणूस खाली जातो.

बायकोचा हिशेब डोळ्यांसमोर उभा राहिला, सगळ्या रकान्यांसकट. रेसिडेन्सी. शाळा. सोमवारची परीक्षा. बँकेचा पासवर्ड तिला सांगितलेला आहे का? मरणाची भीती कमी आणि तिचं म्हणणं खरं ठरण्याची भीती जास्त होती, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण ते खोटं होईल. भीती मरणाचीच होती.

तेवढ्यात वाऱ्यातून आवाज आला. "उभे राहा!"

मी पोहत राहिलो.

"अहो! उभे राहा! उभे राहा ना!"

शब्द स्वच्छ ऐकू आले, अर्थ लागेना. पाण्यात कुणी कुणाला असं सांगत नाही. शेवटच्या वेळी माणसाला भास होतात म्हणतात, तसला काही प्रकार असावा असं वाटलं. मग कुणीतरी माझ्या खांद्याला गच्च धरलं. बुडणारा माणूस करतो तेच मी केलं, दोन्ही हातांनी त्या माणसाला मिठी मारली. ते माणूस डगमगलं, पण बुडालं नाही. डोळ्यांवर चष्मा होता. ओढणी कमरेला बांधलेली होती. पाणी तिच्या कमरेच्या जरा वर होतं.

"पाय खाली सोडा," बायको म्हणाली. लहान मुलाला सांगतात तशा आवाजात.

मी पाय खाली सोडले. वाळू लागली. टणक, वळ्यावळ्यांची वाळू. मी उभा राहिलो. पाणी माझ्या बेंबीशी होतं.

 माझा ठसका थांबत नव्हता. तिनं आधी माझी पाठ चोळली. मग तिचा बांध फुटला.

"चालत आले मी! चालत! तुम्ही इथं बुडताय आणि मी चालत येतेय! घसा फुटला ओरडून. ते बघा, ते!"

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर दोन माणसं गुडघाभर पाण्यात गळ टाकून उभी होती आणि आमच्याकडं बघत होती.

"मी त्यांच्या शेजारून पळत आले. त्यांनी मला विचारलं, मॅडम, सर एक्सरसाइज कर रहे हैं क्या?"

पिवळा पट्टा धुळीचा नव्हता, किनारा होता, सत्तर-ऐंशी मीटरवर. मी बोयाकडे जातोय असं समजून गोल वळून परत आलो होतो आणि ओहोटीनं उथळ झालेल्या वाळूच्या पट्ट्यावर जिवाच्या आकांतानं हातपाय मारत होतो.

मित्र बोयाकडून हात मारत आला, मग उठून धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "या अल्ला! बोयाला हात लावला, मागं बघतो तर हा गायब! मला वाटलं..." मग त्यानं माझ्या कमरेशी असलेलं पाणी पाहिलं. "मेल्या, इथं? इथं तर ओहोटीला पोरं फुटबॉल खेळतात!"

कुणी हसलं नाही. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि त्याला अट आठवली असावी. "पण वहिनी, पोचलाच होता हो तो. बोया काय, असा हातावर होता. वारा आला म्हणून—"

"नाही," मी म्हणालो. "अर्ध्या वाटेतून फिरलो. नंतर बोया पाहिलासुद्धा नाही."

"तू जरा गप्प बसशील?" तो दातओठ खात पुटपुटला.

पण झालं ते झालं होतं. घरी जाताना गाडीच्या काचेवर धूळ चिकटत होती आणि वायपरनं ती आणखी फासली जात होती. बिल्डिंगखाली गाडी लावल्यावर मी म्हणालो, "समुद्र बंद."

"हं," बायको म्हणाली.

गच्चीवरचा पूल अटीत नव्हता. एकदा गेलो. दोन-चार फेऱ्यांतच मी फेऱ्या मोजतोय असं लक्षात आलं. बाहेर पडलो आणि नंतर गेलो नाही. महिनाअखेर आली. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून मी ताट सरकवलं. ऑफिसातून आलो की टीव्हीसमोर बसायचो आणि काय लागलंय ते बघायचो नाही. कुरकुर करायची नाही असं ठरलं होतं आणि मी एक अक्षर बोललो नव्हतो. पण न बोलता कुरकुर कशी करायची हे मला चांगलं येतं.

"ममा," मुलगी एकदा जेवताना म्हणाली, "कॅन यू प्लीज जस्ट लेट हिम ड्राउन?"

बायकोनं तिच्याकडं असं पाहिलं की ती ताट घेऊन आत गेली.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी चहा घेताना बायको म्हणाली, "तुमच्या मित्राला फोन केला होता मी. शुक्रवारी ओहोटी कधी आहे ते विचारायला."

"कशाला?"

"जायचंय."

"अट मी हरलोय."

"तुम्ही पोहायचं नाही अशी अट आहे. मला शिकवायचं नाही असं कुठं ठरलंय?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला पाण्यात उभं राहता येतं, पोहता येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला पोहता येतं, उभं राहता येत नाही. त्या दिवशी तुम्ही आणखी थोडे पलीकडं असतात तर मी काय केलं असतं? काठावर उभी राहून ओरडले असते. तेवढंच. ते मला पुन्हा करायचं नाही. आणि तुमचं हे घरातलं तोंडही पुन्हा बघायचं नाही."

"आणि बोया?"

"बोया नंतर. दोघांनी मिळून. नाहीतर कुणीच नाही."

मी या नव्या अटीत पळवाट शोधली. सापडली नाही. खरं म्हणजे मला ती नकोच होती.

शुक्रवारी ओहोटी होती. धक्क्याचे खांब अर्धेअधिक उघडे पडले होते आणि पलीकडं ओल्या वाळूचे लांब पट्टे चमकत होते. त्यांतल्या एकावर मी जवळजवळ जीव सोडला होता. मी पहिल्यांदाच समुद्रात चालत गेलो. बायको मुलीचा जुना टी-शर्ट घालून माझ्या दंडाला धरून चालत होती. पाणी छातीच्या जरा खाली आलं तिथं थांबलो.

मी कुणाला कधी पोहायला शिकवलं नव्हतं. आमच्याकडं ढकलून शिकवायचे, ते इथं चालणार नव्हतं. तिला उताणं केलं, एक हात डोक्याखाली, एक कमरेखाली. ती फळीसारखी ताठ झाली, डोळे मिटून घेतलेले, मुठी आवळलेल्या. तिच्या मानेची शीर माझ्या तळहाताखाली उडत होती. ओहोटीचं पाणी पायांशी हळूहळू समुद्राकडे ओढत होतं. मी वाळूत टाचा रोवल्या. तिच्या जागी मी असताना मला एवढी भीती वाटली नव्हती.

"हात काढू नका हं."

"नाही काढत."

थोड्या वेळानं तिची पाठ सैल झाली. पोट वर आलं. पाणी तिला धरायला लागलं होतं. ती जिवंत, हलकी गोष्ट तळहातावर आली आणि माझ्या अंगातून काहीतरी सरसरत गेलं, उडी टाकताना जायचं तसं. कमरेखालचा हात मी हळूच बाजूला केला.

"काढलात का?"

"एक काढलाय."

ती क्षणात दुमडली, नाकातोंडात पाणी गेलं, धडपडत उभी राहिली, माझा दंड ओरबाडला. खोकून खोकून तिचे डोळे लाल झाले.

"हे आत्ता सांगायची काय गरज होती?"

"तू विचारलंस."

तिनं तोंडावरचे केस मागं सारले, दोनतीन वेळा थुंकली, आणि पार तिकडं हलणाऱ्या त्या नारिंगी ठिपक्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाठ करून गुडघ्यात वाकली.

"पुन्हा," ती म्हणाली. "आणि या वेळी विचारलं तरी सांगू नका."

मी तिच्या डोक्याखाली हात धरला.